१२३४५६७८९८७६५४३२१ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही संख्या येते कुठून?

नऊ वेळा १ लिहा आणि त्या संख्येला तिनंच गुणा. १११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नऊपर्यंत चढायचं आणि परत एकापर्यंत उतरायचं, असे एकूण सतरा अंक. उलटी वाचली तरी तीच.

हिच्या आधीची भावंडं अशी:

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

याच रांगेतली ही नववी. आणि चढ-उतार शाबूत असलेली शेवटची.

पण असं का होतं? योगायोग आहे का?

योगायोग अजिबात नाही. वहीवर उभा गुणाकार मांडून बघा. गुणक नऊ वेळा १ आहे, त्यामुळे गुणाकाराच्या नऊही ओळी एकसारख्या, नुसते १ चे अंक. फक्त प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. आता उजवीकडून बेरीज करायला लागा. पहिल्या घरात एकच १ आहे, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. नवव्या घरात नऊच्या नऊ ओळींचा १ येतो. त्याच्या पुढे उजवीकडच्या ओळी एकेक करून संपत जातात, म्हणून आठ, सात, सहा असं उतरत परत एकावर. म्हणजे इथे बेरीज ही नुसती मोजणी आहे.

हे जमतं ते एकाच कारणानं: कुठल्याही घरात बेरीज नऊच्या वर जात नाही, म्हणून हातचा घ्यावाच लागत नाही. या संख्येबद्दल जी काही आश्चर्यं सांगितली जातात, त्यातली बरीचशी या न लागलेल्या हातच्याची आहेत. एवढं लक्षात ठेवलं तर पुढची उत्तरं अर्धी तुमची तुम्हालाच सुचतील.

दहा वेळा १ घेऊन वर्ग केला तर?

११११११११११ चा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१. आठ गायब, मध्ये दोन शून्यं, आणि उलटी वाचली तर वेगळीच संख्या.

काय झालं ते घरं मोजून कळतं. दहाव्या घरात दहा १ जमले. शून्य लिहिलं, हातचा एक. अकराव्या घरात नऊ होते, हातचा धरून दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. बाराव्यात आठ होते, ते नऊ झाले आणि हातचा तिथेच जिरला. दोनच हातचे, पण सगळी घडी विस्कटली.

अंकांच्या बेरजेतही हे दिसतं. आपल्या सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ × ९. दहा एकांच्या वर्गात ती १०० असायला हवी होती, येते ८२. फरक १८. प्रत्येक हातचा एका घरातून १० उचलतो आणि शेजारच्या घरात १ ठेवतो, म्हणजे अंकांच्या बेरजेत ९ ची घट. दोन हातचे, १८ ची घट.

मोठ्यानं वाचायची कशी?

स्वल्पविराम दिले की अर्धं काम झालं: १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. आपली दोन-दोन अंकांची पद्धत इथे इतकी शोभून दिसते की ही संख्या जणू तिच्यासाठीच बनली आहे. तीन-तीन अंकांचे गट पाडून हे सौंदर्य दिसत नाही.

आजच्या बोलीत: १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. 'कोटी' दोनदा येतं त्याला इलाज नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. ती वापरली तर कोटीच्या वरचे अंक असे वाचता येतात: १ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद. परार्धाला एकच स्थान कमी.

केवढी मोठी आहे ही?

इतके सेकंद मोजायचे ठरवले तर सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील. डायनासोर अवतरण्याच्याही कितीतरी आधी सुरुवात करावी लागली असती.

ही मूळ संख्या आहे का? नसेल तर अवयव कोणते?

मूळ असण्याचा प्रश्नच नाही, वर्ग संख्या कधीच मूळ नसते. अवयव मात्र हातानं पाडण्याजोगे आहेत, आणि मी तर म्हणेन की पाडाच.

वर्ग बाजूला ठेवून १११११११११ घ्या. तीन-तीन अंकांचे गट केले की १११ १११ १११, म्हणजे १११ × १००१००१. १११ म्हणजे ३ × ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून तिलाही ३ नं भाग जातो, उरतात ३३३६६७. तर १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि आपली संख्या म्हणजे हे सगळे अवयव दोन-दोनदा:

३ × ३ × ३ × ३ × ३७ × ३७ × ३३३६६७ × ३३३६६७

आता ३३३६६७ मूळ आहे का? तिचं वर्गमूळ ५७७ आणि ५७८ च्या मध्ये येतं. म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, आणि त्या आहेत १०६. पण एक पळवाट आहे. ३३३६६७ ला भाग जाणारी कुठलीही मूळ संख्या १८ नं भागल्यावर बाकी १ च देणार. कारण असं की त्या संख्येनं १० च्या घातांना भागत गेलं, तर बाकी १ नेमकी नवव्या घातालाच पहिल्यांदा येते. आणि फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की असा घात त्या मूळ संख्येतून एक वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येला भाग देतोच. ती उरणारी संख्या समही असते, म्हणून तिला ९ नंच नाही, १८ नंही भाग जातो. तेव्हा १९, ३७, ७३, १०९, १२७ अशा फक्त सतरा संख्या तपासायच्या. एकीनंही भाग जात नाही. ३३३६६७ मूळ आहे.

एकूण विभाजक किती? ही परिपूर्ण संख्या आहे का?

विभाजक ४५. वर्ग असल्यामुळे विषम: १११११११११ मधोमध, तिच्याहून लहान बावीस, मोठे बावीस.

परिपूर्ण नाही. विषम वर्ग संख्या परिपूर्ण असूच शकत नाही. तिचे विभाजक विषम, त्यांची मोजदादही विषम, म्हणून त्यांची बेरीज विषम. परिपूर्ण संख्येत ती बेरीज संख्येच्या दुप्पट, म्हणजे सम, असावी लागते. आकडाच हवा असेल तर स्वतःला वगळून बाकीच्या विभाजकांची बेरीज ६६०८६००६०५१७३२५८ येते, जेमतेम निम्म्याच्या थोडी वर.

१२३४५६७९ या 'आठ नसलेल्या' संख्येशी हिचं काय नातं?

१२३४५६७९ × ९ = १११११११११. शाळेच्या स्नेहसंमेलनात गणिताच्या जादूत हमखास दिसणारी ती हीच. (आवडता अंक विचारायचा, समजा सात, मग ६३ नं गुणायला सांगायचं, उत्तर ७७७७७७७७७.) म्हणून आपली संख्या म्हणजे १२३४५६७९ च्या वर्गाची ८१ पट: ८१ × १५२४१५७८९९७१०४१.

दुसरं नातं जास्त सुरेख आहे: १२३४५६७९ × ९९९९९९९९९ = १२३४५६७८९८७६५४३२१. पडताळायला गुणाकार नकोच. १२३४५६७९ पुढे नऊ शून्यं द्या आणि त्यातून १२३४५६७९ वजा करा.

तिच्यात आठ का नाही, हाही प्रश्न येतोच. १ ला ८१ नं भागा: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… मुळात तिथे ०, १, २, ३ करत ८, ९, १०, ११ असे आकडे एकेका घरात बसायला बघतात. १० एका घरात मावत नाही, त्याचा हातचा ९ कडे जातो, ९ चे १० होतात, त्यांचा हातचा ८ कडे, आणि ८ चे ९ होतात. दहा एकांच्या वर्गात जे घडलं तेच इथे. दोन्हीकडे आठाचा बळी हातच्यानंच घेतला.

नऊ वेळा ९ चा वर्ग केला तर?

९९९९९९९९९ चा वर्ग ९९९९९९९९८००००००००१, आणि तो आपल्या संख्येच्या ८१ पट. हे ८१ म्हणजे आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज. त्यामुळे हे समीकरण एका ओळीत असंही लिहितात: (१+२+३+…+९+…+३+२+१) × १२३४५६७८९८७६५४३२१ = ९९९९९९९९९ चा वर्ग. भिंतीवर लावण्याजोगं.

कापरेकरांचा या संख्येशी काय संबंध?

थेट संबंध आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) जन्मले डहाणूला, शिकले ठाण्यात आणि फर्ग्युसन महाविद्यालयात, आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिकवत होते. ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे त्यांचं नाव जगभर झालं, पण त्यांनी संख्यांची आणखीही कुळं शोधली. त्यातलं एक 'डेम्लो संख्या'. जीआयपी रेल्वेच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनवर ही कल्पना सुचली, म्हणून हे नाव. लोकलच्या गर्दीत उभं राहून कुणाला असलं काही सुचावं, असं आज डोंबिवलीकर म्हणतील. तेव्हा फलाटावर जागा होती.

डेम्लो संख्येचे तीन तुकडे पडतात. मधल्या तुकड्यात एकच अंक, आणि दोन टोकांच्या तुकड्यांची बेरीज केली की तोच अंक पुन्हा पुन्हा. साधं उदाहरण २५५३: मध्ये ५५, टोकांना २ आणि ३, बेरीज ५. आपली संख्या तोडून बघा: १२३४५६७८ | ९ | ८७६५४३२१. टोकांची बेरीज ९९९९९९९९. नुसत्या एकांच्या वर्गांना कापरेकरांनी 'अद्भुत डेम्लो संख्या' म्हटलं आहे.

हर्षद संख्या, देवळाली संख्या, कापरेकर संख्या: यांपैकी कुठली?

हर्षद: होय. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं जिला भाग जातो ती हर्षद. बेरीज ८१, आणि ८१ नं भाग जातो हे वर आलंच आहे.

देवळाली: नाही. ज्या संख्येला 'जनक' नसतो ती देवळाली संख्या. जनक म्हणजे अशी संख्या, की तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की आपली संख्या मिळावी. २१ चा जनक १५ आहे, कारण १५ + १ + ५ = २१. २० ला मात्र जनक नाही, म्हणून ती देवळाली संख्या. आपल्या संख्येला जनक आहे: १२३४५६७८९८७६५४२४०. हिच्या अंकांची बेरीज करा, तीही ८१ च येते, आणि ८१ मिळवले की शेवट २४० चा ३२१ होतो. जनक आणि अपत्य दोघांच्या अंकांची बेरीज एकच. असा दुसरा जनक नाही. शोधणं अवघड नाही, कारण जनकाच्या अंकांची बेरीज ९ च्या पाढ्यातलीच असावी लागते आणि सतरा अंकांत ती १५३ च्या पुढे जात नाही. मोजकेच पर्याय उरतात.

कापरेकर: इथे तपासायचं वर्गमूळ. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५, म्हणून ४५ कापरेकर संख्या. १११११११११ चा वर्ग तसाच तोडा: १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. हवे होते नऊ एक, आले नऊ नऊ. तेव्हा १११११११११ कापरेकर संख्या नाही. पण उत्तरात आलेली ९९९९९९९९९ आहे! तिचा वर्ग वर दिला आहे, तोडा: ९९९९९९९९८ + १ = ९९९९९९९९९.

कापरेकरांच्या आधी हे कुणाला ठाऊक नव्हतं का?

होतं की. महावीराचार्यांच्या 'गणितसारसंग्रहा'त, म्हणजे इ. स. ८५० च्या आसपास, हिची धाकटी बहीण १२३४५६५४३२१ आली आहे, आणि तिचं वर्णनही 'एकापासून सहापर्यंत चढून क्रमानं उतरणारी' अशा अर्थाचं आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाची स्तुती या ग्रंथाच्या सुरुवातीला आहे, म्हणजे ग्रंथ दख्खनचाच. गळ्यातल्या हारासारख्या दोन्हीकडून सारख्या दिसणाऱ्या गुणाकारांचा महावीराचार्यांना शौकच होता. कापरेकरांनी एकेका संख्येचं कौतुक न करता त्यांचं कूळ मांडलं, हा फरक.

एक्सेलमध्ये शेवटचे दोन अंक शून्य का होतात? माझा संगणक बिघडला आहे का?

नाही. एक्सेल पहिले पंधरा अंकच जपतं, बाकी शून्य. तुम्हाला १२३४५६७८९८७६५४३०० दिसतं. (याच कारणानं क्रेडिट कार्डाचा सोळा अंकी क्रमांक एक्सेलमध्ये आकडा म्हणून भरला तर शेवटचा अंक हरवतो. तो मजकूर म्हणून भरावा.)

जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेचा घोटाळा वेगळा आहे. तिथे १११११११११ चा वर्ग मागितला तर १२३४५६७८९८७६५४३२० मिळतो. एकच अंक चुकला, पण विषम वर्गाची सम संख्या झाली! तिथल्या नेहमीच्या आकड्याला ५३ बिट मिळतात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत सगळ्या पूर्ण संख्या नीट मावतात. त्यापुढे तेवढ्याच अंतरापर्यंत फक्त सम संख्या. आपली संख्या नेमकी त्या पट्ट्यात येते आणि विषम आहे, म्हणून शेजारच्या ३२० किंवा ३२२ वर शेवट होणाऱ्या संख्येकडे ढकलली जाते. दोन्ही सारख्याच जवळ. नियमाप्रमाणे जिची निम्मी सम, ती निवडली जाते. जावास्क्रिप्टमध्येच 'बिगइंट' वापरलं, किंवा पायथन वापरलं, तर उत्तर अचूक.

हातातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर तर आकडा मावतच नाही. तिथे वही-पेन्सिलच बरी, हातचाही नाही.

पायथागोरसच्या त्रिकुटात ही कुठे बसते?

कोणत्याही विषम वर्गाचे दोन लागोपाठच्या संख्यांत तुकडे करा, त्रिकूट तयार. ९ = ४ + ५, म्हणून ३, ४, ५. आपली संख्या = ६१७२८३९४९३८२७१६० + ६१७२८३९४९३८२७१६१. तेव्हा १११११११११ ही एक बाजू, पहिला तुकडा दुसरी बाजू, दुसरा तुकडा कर्ण. असा त्रिकोण काढायला मात्र कागद पुरणार नाही, आणि पुरला तरी ती रेघच दिसेल.

१ ला या संख्येनं भागलं तर?

मला विचाराल तर हाच सगळ्यात चांगला प्रश्न.

दशांश चिन्हानंतर नऊ-नऊ अंकांचे गट पाडत जा. पहिला गट सगळी शून्यं. दुसरा ०००००००८१. तिसरा ००००००१६२. मग ००००००२४३, ००००००३२४, ००००००४०५. म्हणजे चक्क ८१ चा पाढा, आणि तो लाखो गटांपर्यंत एकही चूक न करता चालू राहतो. कारण १ भागिले आपली संख्या म्हणजे ८१ भागिले ९९९९९९९९९ चा वर्ग, आणि ९९९९९९९९९ च्या वर्गानं भागलं की १, २, ३, ४ अशी मोजणी नऊ-नऊ घरं सोडून सुरू होते.

पाढा थांबतो कुठे? ८१ × १२३४५६७९ = ९९९९९९९९९. इथे नऊ घरं काठोकाठ भरली. पुढचा गुणाकार दहा अंकी होतो, त्याचा हातचा मागे येतो, काठोकाठ भरलेल्या गटाची सगळी शून्यं होतात, आणि तिथूनही एक हातचा आणखी मागच्या गटात जातो. त्यामुळे आवर्तनाचा शेवटचा गट ९९९९९९९१८ असायचा तो ९९९९९९९१९ होतो. मग पुन्हा शून्यं, पुन्हा ८१.

एका आवर्तनात १२३४५६७९ गट, प्रत्येकी नऊ अंक. गुणाकार करून बघा: आवर्तनाची लांबी भरते १११११११११ अंक.

दशमान सोडून दुसऱ्या पद्धतीत असं होतं का?

होतं. नियम एकच: एकांची संख्या पायापेक्षा लहान हवी. अष्टमान पद्धतीत सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असाच दिसतो, आठव्या एकाला हातचा येतो. द्विमानात ११ चा वर्गही बिघडतो: १००१.

नुसत्या एकांच्या संख्या मूळ असू शकतात का?

काही असतात. ११ तर आहेच. त्यानंतर थेट एकोणीस एकांची, मग तेवीस, मग ३१७ आणि मग १०३१ एकांची. ३१७ एकांची मूळ असल्याचं १९७७ मध्ये सिद्ध झालं. मूळ असायची तर एकांची मोजदाद स्वतः मूळ असावी लागते. नऊ ही ३ × ३, म्हणून १११११११११ ला सुरुवातीपासूनच संधी नव्हती.

चढ-उताराच्या मध्ये १० घातला तर?

म्हणजे १ ते ९, मग १०, मग ९ ते १: १२३४५६७८९१०९८७६५४३२१. हा कशाचाही वर्ग नाही आणि उलटा वाचला तर सारखाही येत नाही. पण ही वीस अंकी संख्या मूळ आहे.